भानगड फोडणीत

कुत्र्याला घरचं अन्न घालण्यात गैर काही नाही. भानगड आहे ती फोडणीत. साधा भात, बिनमिठाचं वरण, उकडलेलं अंडं, गाजर, वाफवलेला लाल भोपळा, कोय काढलेल्या आंब्याची फोड, हे सगळं बेताने चालतं. पण पोह्यांतला कांदा आणि चटणीतला लसूण, कच्चा असो वा शिजलेला, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. हे दिसायला दोन-चार दिवस जातात, म्हणून ‘काल खाल्लं, काही झालं नाही’ या दाखल्याला अर्थ नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा त्याहून वाईट. द्राक्षांनी, बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये त्याचा संशय टार्टारिक आम्लावर घेतला. ते चिंचेतही भरपूर, तेव्हा चिंचगुळाची आमटी बाद. (प्रसादाला नाही म्हणू नये, हे माणसांपुरतं.) मटणाची नळी आपण कौतुकाने टाकतो, पण शिजलेल्या हाडाच्या किरच्या आतड्यात रुततात. आणि शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल पोटात गेलं, तर वाट पाहत बसू नका. तासाभरात रक्तातली साखर कोसळू शकते. पाकीट हातात घेऊन थेट डॉक्टर गाठा.