सहल नेताच आहात तर ज्ञानगंगा, अजिंठा अन् एक वावर दाखवा



शाळेच्या सहलींचे दिवस आले. आपल्याकडं बस ठरली की पहिलं नाव वॉटर पार्कचं निघते. लेकरांनी मजा करू नये असं माझं म्हणणं नाही. पण नववी-दहावीच्या पोरांना दोन दिवसांत ज्ञानगंगा अभयारण्य, अजिंठा अन् एखादं चांगलं वावर दाखवता येते. सगळं बुलडाण्याहून जवळच आहे.

ज्ञानगंगेत वाघच दिसला पाहिजे असा हट्ट नको. २०१९ साली टिपेश्वरचा कॉलर लावलेला वाघ १,३०० किलोमीटरच्या आसपास चालून इथं पोचला, ते सांगा. त्याची बरीचशी वाट वावरांतून अन् नाल्यांतूनच होती. मग पोरांना खाली पाहायला लावा. सागाच्या पानांचा थर, त्याखाली भुसभुशीत माती. तिथं कुणी नांगर घातला नाही की युरिया फेकला नाही. अन् हेही सांगा, की त्याच जंगलाच्या कडेचा शेतकरी रोही अन् रानडुकरांपायी हरभऱ्यात रात्र रात्र जागतो. ही बाजू झाकून जंगलाचं नुसतं गुणगान केलं, तर त्या शेतकऱ्याच्या पोराला ते खोटंच वाटणार.

अजिंठ्यात गाईड राजे-राण्या दाखवतो. गुरुजींनी चित्राखालचा गिलावा दाखवावा. माती, त्यात भाताचं तूस अन् झाडपाल्याचे धागे. आपल्या जुन्या घराच्या भिंतीसारखाच. मातीला काडीकचऱ्याचा आधार लागतो हे त्या कारागिरांना दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कळत होतं. आपण मात्र गव्हाचं काड अन् पऱ्हाटी धुऱ्यावर नेऊन पेटवतो. वावरात काम वेगळ्या तऱ्हेनं होते, हे कबूल. तिथं काडी कुजते, सूक्ष्मजीव चिकट पदार्थ सोडतात अन् मातीचे कण धरून राहतात. पण पोराच्या ध्यानात राहायला ती भिंत बरी.

तिसरा मुक्काम वावराचा. फ्लेक्स, शाल-श्रीफळ अन् भाषणं नकोत. पाण्याचे दोन ग्लास घ्या. एकात धुऱ्यावरच्या झाडाखालचं वाळलेलं ढेकूळ सोडा, दुसऱ्यात दरसाल नांगरलेल्या वावराचं. दुसरं बहुतेक वेळा लवकर विरघळते अन् पाणी गढूळ होते. पहिल्या जोराच्या पावसात आपली माती अशीच नाल्यात जाते. हे पाहिलेलं पोरगं घरी जाऊन बापाला काड पेटवू देणार नाही, निदान भांडेल तरी. अन् शेतकऱ्याला खर्चाची वही उघडायला सांगा. खत-फवारणीत किती वाचलं, निंदणाला किती जास्त गेलं, दोन्ही आकडे पोरांना दिसू द्या. तोट्याचं साल असेल तर तेही.

तयारी करणाऱ्या सरांसाठी: अजिंठा सोमवारी बंद असते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. अभयारण्यात वनविभागाला विचारूनच जा अन् तिथून मातीसुद्धा उचलू नका, ढेकूळ धुऱ्यावरचंच घ्या. जानेवारीत आलात तर हरभरा घाट्यावर अन् तूर सोंगणीला आलेली सापडेल.