पात्यांचे कौतुक, पायाची उपेक्षा

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क चौपाटीवर सायंकाळी फिरावयास येणाऱ्या कुटुंबांना वसईच्या खाडीवरील रेल्वेचे पूल दिसतात. धडधडत जाणाऱ्या गाडीकडे मुले कौतुकाने पाहतात. पुलाचे खांब कशात रोवले आहेत, हा विचार मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. भरती-ओहोटीचे पाणी खांबाला अडून भोवऱ्यासारखे फिरते आणि बुडाची वाळू उकरून नेते. खाडीतील बेसुमार वाळूउपसा पुलांच्या मुळावर येतो, तो यामुळेच.

समुद्रातील पवनचक्क्यांपुढेही हाच प्रश्न शतपटीने उभा आहे. केंद्र सरकारने २०१५ साली समुद्री पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. जून २०२४ मध्ये गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेगावॅटचे प्रकल्प उभारण्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. स्वागतार्हच गोष्ट! परंतु चर्चा होते ती पात्यांची आणि मेगावॅटची, पायाचे काय?

इमारतीचा पाया मुख्यतः वजन पेलतो. पवनचक्कीच्या पायाला वारा आणि लाटा यांचा आडवा मारा अहोरात्र सोसावा लागतो. दर दहा सेकंदांस एक लाट धरली, तरी पंचवीस वर्षांत सुमारे ८ कोटी तडाखे! उथळ पाण्यात लोखंडाचा एकच अजस्र खांब तळात ठोकतात किंवा काँक्रीटचे जड बैठे पाये ठेवतात. १९९१ साली डेन्मार्कने विंडेबी येथे दुसरा मार्ग पत्करला. खोल समुद्रात पवनचक्की तरंगती ठेवून नांगरावी लागते. स्कॉटलंडच्या हायविंड प्रकल्पात (२०१७) बुडाशी उघडी असलेली पोलादी पिंपे तळावर ठेवून आतील पाणी उपसले गेले. बाहेरील पाण्याच्या दाबानेच ती गाळात रुतली आणि नांगर झाली.

ही युक्ती तेथील तळाला मानवली. आपल्या तळाला मानवेलच असे नाही. बॉम्बे हायच्या परिसरात शंखशिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेली चुनखडीयुक्त वाळू आढळते. खांब ठोकताना तिचे कण चिरडतात आणि पकड ढिली होते. १९७४ साली तेथे तेल सापडल्यापासून आपले अभियंते या तळाशी झुंजत आले आहेत. हा अनुभव म्हणजे राष्ट्राची मोलाची ठेव होय.

दुसरी ठेव जेसल पार्कपासून फार दूर नाही. उत्तनचे कोळी बांधव डोल जाळ्यांसाठी समुद्रतळात खुंट रोवतात. कोठे खुंट धरतो आणि कोठे ओढीने उपटतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. प्रकल्पाची जागा ठरल्यावर त्यांना केवळ भरपाईचे अर्जदार म्हणून बोलावणे हा त्यांच्या ज्ञानाचा आणि हक्काचाही अवमान ठरेल. नांगरांच्या साखळ्या त्यांच्याच मासेमारीच्या क्षेत्रात पसरणार आहेत.

पाती परदेशातून आणता येतील, समुद्रतळ आणता येणार नाही. महाराष्ट्राने आपल्या किनाऱ्याच्या तळाचे पद्धतशीर सर्वेक्षण करावे, ती माहिती अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुली करावी आणि मच्छीमारांना प्रारंभापासून सहभागी करून घ्यावे. शिवछत्रपतींच्या सिंधुदुर्गाच्या पायाचे चिरे शिसे ओतून बसविले गेले, म्हणूनच तट साडेतीन शतके लाटांना पुरून उरला. स्वावलंबनाचा आरंभही पायापासूनच व्हावयास हवा.