टीडीएसचा आकडा म्हणजे शुद्धता नव्हे

पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन अणू ऑक्सिजनशी सुमारे १०४.५ अंशांचा कोन करतात. त्यामुळे रेणूच्या एका बाजूस किंचित ऋण, तर दुसऱ्या बाजूस किंचित धन प्रभार राहतो आणि असंख्य पदार्थ पाण्यात विरघळतात. हितकर काय आणि घातक काय, हा भेद पाणी करीत नाही. राजस्थानात आणि तेलंगणातील नलगोंडा येथे भूजलात फ्लोराइड आढळते. बिहार व पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिक.

घरोघरी वापरला जाणारा टीडीएस मीटर केवळ विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कोणते, हे तो सांगत नाही. भूजलातील आर्सेनाइट तर बहुधा प्रभाररहित असते. मीटरला ते जाणवतच नाही. भारतीय मानकानुसार टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आर्सेनिकची ०.०१ मिलिग्रॅम. फरक पन्नास हजार पटींचा!

२०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५००पेक्षा कमी असेल तेथे आरओ यंत्रांवर बंदी आणण्याचे निर्देश दिले. पाण्याची नासाडी रोखण्याचा हेतू रास्तच होता. परंतु त्याच आकड्याला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मानणे धोक्याचे ठरेल. ३०० टीडीएसचे पाणीही विषारी असू शकते.

म्हणून प्रत्येक सार्वजनिक हातपंपावर आर्सेनिक, फ्लोराइड व नायट्रेट यांचे स्वतंत्र आकडे लिहिलेले असावेत. पाण्यात किती विरघळले आहे, याआधी काय विरघळले आहे, हे विचारण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.