मुलांच्या कपाळावर 'तामसी'चा शिक्का मारू नका

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत चौथीतली एक मुलगी येते. एरवी बडबडी. त्या दिवशी मात्र वही उघडून गप्प बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ताई, आपण तामसी आहोत का?"

रविवारच्या एका संस्कारवर्गात तिला तक्ता दाखवला होता. दूध, तूप, फळं खाणारा सात्त्विक. तिखट-आंबट खाणारा राजसी. मांस-मच्छी, कांदा-लसूण आणि शिळं खाणारा तामसी. सात्त्विक मूल शांत आणि हुशार, तामसी मूल आळशी आणि रागीट. ही पोर सकाळी रात्रीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन त्या वर्गाला गेली होती. तिने तक्त्यात स्वतःची जागा बरोबर शोधली.

मित्रांनो, 'नाही गं' म्हणून मी विषय संपवू शकले असते. पण आपल्या मुलांना हा तक्ता आज ना उद्या कुठेतरी भेटणारच आहे. तेव्हा तो काय आहे, हे आपणच त्यांना नीट सांगायला हवं.

सत्त्व, रज, तम ही मूळ कल्पना सांख्य दर्शनाची. सगळी प्रकृती या तीन गुणांची बनलेली, असं ते मानतं. मनाला कधी हलकं, प्रसन्न वाटतं, कधी ते सैरभैर होतं, कधी जड आणि सुस्त. एवढ्यापुरतीच ही गोष्ट असती तर भांडायचं कारण नव्हतं. जुन्या माणसांनी मनाचं केलेलं एक वर्णन म्हणून मुलांना ती सांगता आली असती. पण गोष्ट तिथे थांबली नाही.

गीतेच्या चौदाव्या अध्यायात गुण आहेत, सतराव्यात आहार आहे आणि अठराव्यात वर्ण आहेत. स्वभावातून उपजणाऱ्या गुणांप्रमाणे चार वर्णांची कामं वाटली आहेत, असं तिथे सांगितलं आहे, आणि शूद्राच्या वाट्याला आली आहे सेवा. शंकराचार्यांनी भाष्यात उरलासुरला संशयही दूर केला. ब्राह्मणात सत्त्व मुख्य, क्षत्रियात रज मुख्य आणि जोडीला सत्त्व, वैश्यात रज मुख्य आणि जोडीला तम, शूद्रात तम मुख्य. मनुस्मृतीचा बारावा अध्याय तर तामसी गतीच्या यादीत हत्ती, घोडे, सिंह, वाघ, डुक्कर यांच्या पंगतीला शूद्र आणि म्लेच्छ यांना बसवतो. म्हणजे जे मनाच्या अवस्थेचं नाव होतं, ते माणसांच्या समूहाचं नाव झालं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, ते गुणकर्मावर आहे, जन्मावर नाही." मग गुण तपासले कोणी? कोणत्या वयात? नापास झालेल्या ब्राह्मणाला शूद्र कोणी केलं? त्याच अठराव्या अध्यायात सदोष असलं तरी 'सहज' कर्म सोडू नये, असं सांगितलं आहे. सहज म्हणजे सोबत जन्मलेलं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये याच युक्तिवादाची चिरफाड केली. गुणांवरच भर असेल तर ब्राह्मण, शूद्र ही जुनी नावं कशाला हवीत, हा त्यांचा प्रश्न होता. असंख्य प्रकारच्या माणसांना चार कप्प्यांत कोंबता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता त्या शिळ्या भाकरीकडे या. गीता शिळं आणि उष्टं अन्न तामसी माणसाला आवडतं म्हणते. मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो, आश्रयाला असलेल्या शूद्राला उष्टं अन्न आणि जुने कपडे द्यावेत. आधी उष्टं वाढायचं, मग उष्टं खातो म्हणून स्वभाव हीन ठरवायचा! आपल्या आज्या-पणज्या गावात दारोदार भाकरतुकडा मागत फिरल्या, ते काय आवडीने?

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही महाडला १९२७ साली उष्टं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलंच होतं की. होय, सांगितलं होतं. पण त्याचं कारण होतं स्वाभिमान. 'तुमचा स्वभाव तामसी आहे' असं ते म्हणाले नाहीत. लाचारी सोडा, हक्काने जगा, असं म्हणाले. त्यांनी बोट ठेवलं ते परिस्थितीवर, माणसाच्या पिंडावर नव्हे.

लेबल लावल्याने मूल कसं बदलतं, हे समाजशास्त्रात शिकताना मी वाचलं होतं. १९६८ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका रंगाची मुलं श्रेष्ठ, दुसऱ्या रंगाची कनिष्ठ. काही तासांत 'श्रेष्ठ' मुलं अरेरावी करू लागली आणि 'कनिष्ठ' मुलं अभ्यासात चाचपडू लागली. हे एका दिवसात घडलं. आपल्याकडे हा प्रयोग किती पिढ्या चालला, मोजा.

बौद्ध परंपरेतही स्वभावाचे प्रकार आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. विशुद्धिमग्गात रागचरित, द्वेषचरित, मोहचरित अशी माणसं सांगितली आहेत. पण कशासाठी? कोणाला कोणतं ध्यान मानवेल, हे ठरवण्यासाठी. कोणी कोणाची सेवा करायची, हे ठरवण्यासाठी नाही. आणि अंगुलिमालाची गोष्ट आपण मुलांना का सांगतो? इतक्या माणसांना मारणाराही बदलू शकतो म्हणून. स्वभाव म्हणजे शिक्षा नव्हे. ज्या संघात उपाली न्हावी आणि सुनीत सफाईवाला यांना मान मिळाला, तिथे पिंड बघून दार लावलं जात नव्हतं.

त्या मुलीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. मी सगळ्याच मुलांना एक काम दिलं. आठवडाभर वहीत लिहायचं, आज कधी छान वाटलं, कधी राग आला, कधी कंटाळा आला आणि त्याच्या आधी काय घडलं होतं. आठवड्याने वह्या वाचल्या. प्रत्येकाच्या वहीत तिन्ही होतं. तिने लिहिलं होतं, बुधवारी कंटाळा आला कारण रात्री पाण्यासाठी जागावं लागलं. गुरुवारी छान वाटलं कारण गणितं सगळी बरोबर आली.

मी विचारलं, "मग बुधवारी तू तामसी आणि गुरुवारी सात्त्विक?"

ती म्हणाली, "नाही ताई. बुधवारी मला झोप आली होती."

मोठमोठ्या भाष्यकारांना जे सुचलं नाही, ते या पोरीने सांगितलं. मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारा. तुमच्या मुलांना असे तक्ते दाखवले जात असतील तर गप्प बसू नका. वर्गात जा, शिक्षकांशी नम्रपणे पण ठामपणे बोला. आणि घरी मुलांच्या हातात वही द्या. स्वतःचं मन स्वतः तपासायला शिकलेलं मूल दुसऱ्याने मारलेला शिक्का कपाळावर राहू देत नाही.

जय भीम!