दिवे किती ते नंतर, आधी लाइन किती?

दिवाळी आटोपून आठ दिवस झाले असतील. नंदुरबारला घरी गेलो होतो. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरायला सुरुवात झाली होती, हवेत तो ओळखीचा ठसका होता, आणि घरात वेगळीच धामधूम. दादाने हॉलला फॉल्स सीलिंग करायचं ठरवलं होतं. पीओपीवाला एक कागद देऊन गेला होता. कागदावर हॉलचा चौकोन आणि आत छोटी छोटी वर्तुळं. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक सीलिंग लाइट. मी मोजली. बावीस!

वहिनी खूश होती. पुतणी तर कुठला दिवा कोणत्या रंगाचा हवा तेही ठरवून बसली होती. मी फक्त एवढंच विचारलं की हे सगळे दिवे कुठल्या लाइनवर घेणार? वायरमन म्हणाला, "लाइटच्याच लाइनवर टाकून देऊ." त्या लाइनवर आधीपासून काय काय आहे, असं विचारल्यावर तो हसला. "काही व्हत नही भाऊ, एलईडी शे."

आमच्या खानदेशात या 'काही व्हत नही'वर निम्मी घरं उभी आहेत. :)

खरं सांगायचं तर तो अर्धा बरोबर होता, म्हणूनच हे लिहायला बसलो. हिशेब सोपा आहे. सीलिंग लाइट ७ वॅटचा धरला तर बावीस दिव्यांचे १५४ वॅट होतात. आपल्याकडे २३० व्होल्टची लाइन, म्हणजे हे एक अँपिअरसुद्धा नाही. हेच जुने ५० वॅटचे हॅलोजन असते तर ११०० वॅट झाले असते आणि वादच मिटला असता. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा दिवा गावोगाव पोचला. त्यामुळे 'दिव्यांनी लाइनवर लोड येतो' ही भीती खरोखरच कमी झाली. पण तिच्याबरोबर विचारायची सवयही गेली, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला म्हटलं, दिवे बाजूला ठेव, आधी एक खेळ खेळू. घरातले सगळे दिवे-पंखे चालू केले. मग एकेक एमसीबी खाली पाडायचा आणि काय काय बंद झालं ते पुतणीने वहीत लिहायचं. हा खेळ कोणालाही जमतो, पेचकस हातात घ्यावा लागत नाही. अर्ध्या तासात कळलं की 'लाइटची लाइन' म्हणून जी ओळखली जाते तिच्यावर हॉल, ओटा, जिना आणि आईची खोली, सगळं एकत्र आहे. तीन पंखे, चार जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि दोन सॉकेट. मोठे पंखे ७५ वॅटचे, ट्यूब चोकसकट ५० च्या आसपास. मिळून ४२५ वॅट. एका सॉकेटवर टीव्ही, त्याचे शंभर धरा.

आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकाच्या १९८९ च्या आवृत्तीत एक साधा नियम होता. दिवे, पंखे आणि ५ अँपिअरची सॉकेट मिळून एका लाइनवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि लोड ८०० वॅटच्या वर नको. जुने वायरमन हा नियम पाठ असल्यासारखा सांगायचे. आमच्याकडे नऊ पॉइंट आधीच झालेले. त्यात बावीस घालायचे!

आणि खरी गंमत तर दुसऱ्या सॉकेटची. त्यावर उन्हाळ्यात कूलर चालतो आणि सणासुदीला तिथेच इस्त्री लागते. कूलर २००, इस्त्री १०००. म्हणजे एकूण १७२५ वॅट, साडेसात अँपिअर. एमसीबी सहाचा.

आता कुणी म्हणेल, मग एमसीबी पडायला हवा ना? इथेच माझाही समज चुकीचा होता. एमसीबी काही काटेकोर मुनीम नव्हे. सहाचा एमसीबी पावणेसातपर्यंत सहन करायलाच बनवलेला असतो आणि पावणेनऊच्या आसपास गेल्यावर तासाभरात पडलाच पाहिजे, असा हिशेब आहे. मधल्या पट्ट्यात तो कधी पडतो, कधी पडत नाही. शिवाय त्याच्या आतली पट्टी उष्णतेने वाकते, आणि हे आकडे ३० अंशांना मोजलेले. नंदुरबारला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात आमचा बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर. म्हणून तो हिवाळ्यात गुपचूप असायचा आणि मे महिन्यात संध्याकाळी पडायचा. आम्ही म्हणायचो, "एमसीबी खराब आहे."

गेल्या मे महिन्यात असाच तो पडला तेव्हा आई जिन्यात होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसरा हात कठड्याला, आणि एकदम मिट्ट काळोख. पडली नाही, देवाची कृपा. पण बराच वेळ ती तिथेच पायरीवर बसून राहिली होती. हे मला तिने नाही, पुतणीने सांगितलं.

त्यामुळे वायरमनने जेव्हा सहज सुचवलं की "पडत असेल तर सोळाचा टाकून देतो", तेव्हा मी जरा जोरातच बोललो. त्याला बोर्ड उघडून वायर दाखवायला लावली. जुनी, एक चौरस मिलिमीटरची. एमसीबी दिव्यासाठी नसतो, पंख्यासाठीही नसतो, तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. तो मोठा केला की पडणं बंद होतं आणि तापणं चालू राहतं. आमच्या नानांनी जुन्या घरात किटकॅटमध्ये तारेचा दुहेरी पीळ घातला होता. फ्यूज पुन्हा कधी उडाला नाही. बोर्डामागची भिंत मात्र काळी पडली. ती चूक घरचीच होती, कोणाला नावं ठेवत नाही. पण तीच चूक दुसऱ्या पिढीत पीओपीच्या मागे झाकून का ठेवायची?

फॉल्स सीलिंगबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. लोडची नाही, झाकण्याची. बावीस दिवे म्हणजे बावीस ड्रायव्हर आणि कमीत कमी बावीस जोड. वर तापलेला स्लॅब, खाली पीओपी, मध्ये टेप गुंडाळलेले पीळ. वायरचं प्लास्टिक ७० अंशांपर्यंतचं असतं, आणि एकाच पाइपात वायरी कोंबल्या की त्या एकमेकींना तापवतात. ढिला जोड आधी तापतो, मग जळतो, आणि तो कुठे आहे हे शोधायला अख्खं छत फोडावं लागतं.

शेवटी काय ठरलं ते सांगतो. दिवे बावीसचे बारा झाले. वहिनी दोन दिवस रुसली, मग दोन ट्यूब लावून बघितल्यावर तीच म्हणाली की पुरे आहेत. बारा दिवे दोन नव्या लाइनवर निम्मे निम्मे, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि सहाचेच एमसीबी. एका बटणावर चारच दिवे, कारण एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर बराच जास्त करंट ओढतात. सगळे जोड कनेक्टरमध्ये, आणि दिवा खाली ओढला की त्याच भोकातून हाताला लागतील असे. इस्त्री आणि कूलरला वेगळी पॉवर लाइन. जिना आणि आईची खोली हॉलपासून पूर्ण वेगळी, इन्व्हर्टरवर, आणि तिचा न्यूट्रलसुद्धा वेगळा. शिवाय ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. काम परवानाधारक माणसाकडून. खर्च वाढला, खोटं कशाला बोलू. दादा अजूनही म्हणतो की मी सगळ्यांना उगाच घाबरवलं.

असेल. पण आपण घर करताना फरशीचा रंग पंधरा दुकानांत जाऊन ठरवतो आणि भिंतीतल्या वायरचं 'तुम्हीच बघा' म्हणून सोडून देतो. मला वाटतं हे उलटं व्हायला हवं.

असो. परवा फोनवर आईला विचारलं, नवे दिवे कसे वाटतात? म्हणाली, "हॉलचं मला काय, मी कुठे बसते तिथे. जिन्यातला मात्र छान आहे."

तुमच्याकडे कुठला एमसीबी पाडल्यावर कुठला दिवा जातो, माहीत आहे? रविवारी बघा एकदा. मुलांना वही द्या, त्यांना मजा येते.