नुसता शब्दांचा फरक

ज्यांचें अंतरंग सर्वांस खुलें आहे अशा मुक्तस्रोत संगणक-प्रणालींच्या जगांत दोन प्रकारचें लिखाण चालतें. एक यंत्रासाठीं, दुसरें माणसासाठीं. पहिल्यास कोड म्हणतात. दुसरें म्हणजे त्या कोडाचा उपयोग कसा करावा हें सांगणारी माहितीपुस्तिका. दोहोंतही कोणींही दुरुस्ती सुचवावी आणि प्रकल्पाच्या चालकांनीं ती पारखून घ्यावी किंवा परत करावी, असा तेथील रिवाज आहे. रिवाज स्तुत्य आहे; परंतु पारख करण्याची वेळ आली म्हणजे तेथें जो पंक्तिप्रपंच चालतो, त्याविरुद्ध आमची तक्रार आहे. कोडाची एक ओळ बदलली तर ती तपासावयास चार जण चष्मे पुसून बसतात. पुस्तिकेंतील वाक्य बदललें तर नुसता शब्दांचा फरक आहे असें म्हणून तें न वाचतांच स्वीकारलें जातें, किंवा न वाचतांच फेटाळलें जातें. आमच्या मतें हीं दोन्ही कृत्यें एकाच अज्ञानाचीं अपत्यें आहेत.

ह्या 'नुसत्या शब्दांची' किंमत पाहावयाची असेल तर पायथन ह्या सुप्रसिद्ध संगणक-भाषेचें उदाहरण घ्यावें. तींत 'डिक्ट' नांवाची कोशासारखी एक रचना आहे. शब्द द्यावा आणि त्यापुढें नोंदलेली वस्तु मिळवावी. नोंदी ज्या क्रमानें घातल्या त्याच क्रमानें बाहेर येतील, अशी हमी पूर्वीं नव्हती. सन २०१६ च्या डिसेंबरांत निघालेल्या ३.६ ह्या आवृत्तींत ही रचना नव्यानें बांधली गेली आणि क्रम आपोआप टिकूं लागला. पण हा केवळ बांधणीचा गुण आहे, ह्यावर विसंबूं नये, असें माहितीपत्रकांत बजावलें होतें. सन २०१८ च्या जूनमध्यें ३.७ ही आवृत्ति आली, आणि तींत हाच गुण भाषेच्या नियमांचा भाग म्हणून जाहीर झाला. क्रम आधींही टिकत होता, नंतरही टिकला. बदलले ते शब्द. आणि त्या शब्दांनीं, आधीं जो योगायोग होता, त्याचा करार केला. त्या क्रमावर भिस्त ठेवून प्रोग्राम रचणारा आधीं बेसावध ठरत होता, आतां तो नियमानें वागणारा ठरतो. ही भाषा उद्यां कोणी नव्यानें बांधावयास घेतली तर त्यासही हा क्रम पाळणें भाग आहे. इतकें सामर्थ्य ज्या वाक्यांत आहे तें क्षुल्लक कसें?

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांस ही गोष्ट फार पूर्वीं उमगली. सन १९९७ मध्यें स्कॉट ब्रॅडनर ह्यांनीं लिहिलेल्या 'आर. एफ. सी. २११९' ह्या टिपणांत 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' अशा साध्या इंग्रजी शब्दांचे अर्थ बांधून टाकले आहेत. 'मस्ट' म्हणजे निरपवाद आज्ञा. 'शुड' म्हणजे सबळ कारण असल्यास, परिणामांचा पुरता विचार करून, बाजूस ठेवतां येईल असा आदेश. 'मे' म्हणजे निव्वळ ऐच्छिक. एवढ्यानेंही भागलें नाहीं. हे शब्द लहान अक्षरांत आले तर काय समजावें, हा प्रश्न उरलाच. तेव्हां सन २०१७ मध्यें आणखी एक टिपण काढून, मोठ्या अक्षरांत असतील तेव्हांच त्यांस हा विशेष अर्थ आहे, असा खुलासा करावा लागला. आज्ञा कोणती आणि तिची नुसती प्रशंसा कोणती हें ठरविण्यासाठीं आमच्या मीमांसकांनीं विधि व अर्थवाद असा भेद केला आणि शब्दाशब्दाचा कीस काढला. तो रिकामटेकडेपणा मानणाऱ्यांनीं हीं टिपणें अवश्य वाचावीं. 'करावें' च्या जागीं 'करतां येईल' लिहिणारा, त्यास कल्पना असो वा नसो, कायदाच बदलीत असतो.

ह्यावर चालकमंडळींचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. आम्ही बहुतेक विनावेतन राबतों. स्वल्पविराम हलविणाऱ्या हौशी लोकांच्या मागें किती धांवावें? तक्रारींत तथ्य आहे. डिजिटल ओशन ह्या कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट नांवाच्या उपक्रमांत सन २०२० मध्यें चार दुरुस्त्या पाठविणारास टी-शर्ट मिळण्याची सोय होती. परिणाम असा झाला कीं, पुस्तिकांत एखादें विशेषण किंवा प्रशस्तीचा एखादा शब्द चिकटविणाऱ्या निरर्थक दुरुस्त्यांचा पूर लोटला. अखेर त्याच महिन्यांत, जे प्रकल्प आपण होऊन संमति देतील त्यांच्यापुरताच उपक्रम मर्यादित करणें आयोजकांस भाग पडलें. पण ह्यावरून सिद्ध काय होतें? बाजारांत खोटीं नाणीं आलीं म्हणजे सराफानें कसोटी अधिक जपून वापरावी, कीं नाणें पाहणेंच सोडून द्यावें?

न पारखतां फेटाळण्याचें फळही पाहण्यासारखें आहे. नोड ह्या प्रणालीच्या पायाशीं असलेल्या 'लिबयूव्ही' नामक प्रकल्पांत सन २०१३ च्या अखेरीस एक दुरुस्ती आली. टिपणांत उपयोग करणाऱ्याचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामानें होता. तेथें स्त्रीपुरुष दोघांसही लागू पडेल असें सर्वनाम घालावें, एवढीच ती होती. एका चालकानें ती फारच क्षुल्लक म्हणून परत केली. पुढें गदारोळ उठला आणि तो चालक त्या वेळीं काम सोडून गेला. आम्ही त्या गृहस्थास दुष्ट म्हणत नाहीं. त्याच्यावर जी झोड उठली ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. पण 'क्षुल्लक' हा शेरा म्हणजे परीक्षण नव्हे. हें वाक्य कोणास उद्देशून आहे, नव्या शब्दानें अर्थ ढळतो काय, जुन्या शब्दानें कोणी वाचक बाहेर राहतो काय, एवढें विचारलें असतें तर पांच मिनिटांत निकाल लागता.

असे प्रश्न विचारण्याची संवय लावणारे प्रकल्प आहेत. जँगो ह्या प्रकल्पानें आपल्या लेखकांस घालून दिलेल्या नियमांत, 'सहज', 'सोपें', 'फक्त' अशा अर्थाचे, काम आहे त्याहून हलकें भासविणारे शब्द टाळण्यास सांगितलें आहे. ह्यास नाजूकपणा म्हणून हंसणाऱ्यांनीं शिकाऊ मुलाच्या जागीं बसून पाहावें. पुस्तिका म्हणते हें सहज होतें, आणि त्याच्या हातून तें दोन तास होत नाहीं. तो दोष पुस्तिकेस देत नाहीं, आपल्या बुद्धीस देतो. आमच्या महाविद्यालयांतील मुलें असल्याच पुस्तिका पुढें ठेवून शिकतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांस इंग्रजी परकी आहे. शंका विचारावयास मूळ कर्ता जवळ नसतो; असतें तें फक्त वाक्य.

उलट, भाषा गोंडस करण्याच्या भरांत होणारी हानिही लहान नाहीं. पायथनच्या 'रँडम' विभागाच्या पुस्तिकेंत, गुप्ततेच्या कामीं हा वापरूं नये, असा इशारा आहे. एखाद्या शैलीप्रियानें तो बोजड म्हणून गाळला आणि चालकानें मान डोलावली, तर कोणी भोळा त्यांतूनच परवलीचे शब्द बनवील आणि कोणी चतुर ते ओळखील.

म्हणून आमची मागणी एवढीच. शब्द बदलणारानें, ह्यानें अर्थ बदलतो कीं नाहीं, हें एका ओळींत सांगावें. चालकानें जुनें व नवें वाक्य शेजारीं ठेवून वाचावें, आणि नाकारावयाचें तर कारण लिहावें. वेळ नसेल तर अजून पाहिलें नाहीं असें मोकळेपणानें म्हणावें; त्यांत कमीपणा नाहीं. परंतु न वाचलेल्या वाक्यास क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं.