तारुण्य गोळीत मिळते का?

जबलपूरच्या ओमती भागातल्या एखाद्या औषधांच्या दुकानात साठी ओलांडलेले गृहस्थ येतात आणि विचारतात, ‘‘म्हातारपण लांबवणारी अँटिऑक्सिडंटची गोळी आहे का?’’ गोळी मिळते, महागही असते. पण तिचा उपयोग किती?

पेशींमध्ये अन्न जळून शक्ती निर्माण होते, तेव्हा प्राणवायूपासून काही उपद्रवी कण तयार होतात. हेच फ्री रॅडिकल्स. त्यांनी केलेली इजा साठत जाऊन वार्धक्य येते, असा सिद्धांत डेनहॅम हारमन यांनी १९५६ मध्ये मांडला.

या कणांवर शरीराचाच पहारा असतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम त्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. मग कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचे पाणी करतात. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की फेस येतो, तो या कॅटॅलेजमुळेच.

ही एन्झाइमे म्हणजे प्रथिने. ती तोंडाने घेतली तर डाळीतल्या प्रथिनांसारखीच बहुतांशी पचून जातात. शिवाय उंदरांमध्ये ही एन्झाइमे वाढवूनही त्यांचे आयुष्य वाढले नाही, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. म्हातारपणाचे कोडे एवढे सोपे नाही.

मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या? फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळला! विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

जर्मनीत २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. चार आठवड्यांच्या व्यायामाने शरीराची स्वतःची संरक्षक एन्झाइमे बनवण्याची तयारी वाढली. पण सोबत क आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोस घेणाऱ्यांना हा लाभ मिळाला नाही. व्यायामात तयार होणारे थोडे फ्री रॅडिकल्स जणू पहारेकऱ्यांना जागे करतात. गोळी त्यांना पुन्हा झोपवते.

या एन्झाइमांना तांबे, जस्त, मँगनीज, लोह, सेलेनियम लागते, तेही अगदी थोडे. डाळी, कडधान्ये, तीळ, शेंगदाणे, हिरव्या भाज्या असा रोजचा चौरस आहार असेल तर त्यासाठी बहुतेकांना वेगळ्या गोळीची गरज नसते. डॉक्टरांनी कमतरता पाहून औषध दिले असेल, तर मात्र ते स्वतःहून बंद करू नये.

थंडीत जबलपूरच्या बाजारात मटारचे ढीग लागतात. गोळ्यांचे पैसे खिशात ठेवून आजोबांनी पिशवी घ्यावी आणि पायीच बाजार गाठावा. भाजीही येईल, व्यायामही होईल.